उन्हाळ्यात बिअर्डेड ड्रॅगनची अंडी दरवेळी पिचकतात? पाणी वाढवण्याआधी हे तपासा

अंडी घालून सव्वीस दिवस झाले होते. मे महिना, गाव परभणी. सकाळी डब्याचं झाकण काढलं तर आदल्या आठवड्यात टम्म असलेल्या एकोणीस अंड्यांपैकी अकरांना वरून खळगा पडलेला, मळलेल्या कणकेवर अंगठा दाबावा तसा. अंडी उबवायच्या मशीनच्या थर्मोस्टॅटवर आकडा २९.४ अंश. डब्यात ओल होती, बुरशीचा पत्ता नव्हता. पुढच्या चार दिवसांत उरलेली आठही गेली. कापून पाहिली तर बहुतेकांत भुईमुगाच्या दाण्याएवढा, शेपटी गुंडाळलेला जीव. म्हणजे अंडी फळलेली होती, वाढत होती आणि मग मेली.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही हेच झालं होतं. आपल्या भागात बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे हे ऑस्ट्रेलियातले सरडे, पाळणाऱ्या ज्या चार-पाच जणांशी माझं बोलणं होतं, त्यांचीही एप्रिल-मेमधली रड हीच. आणि प्रत्येकाला मिळालेला सल्लाही एकच, ‘पाणी कमी पडलं, ओल वाढवा.’ मीही वाढवली होती. खळगे गेले नाहीत, उलट दोन अंडी फुगून फुटली.

खळगा पडला म्हणजे पाणी कमी, हे अर्धंच खरं आहे. या अंड्यांचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, मऊ कातड्यासारखं असतं. ते ज्या ओल्या माध्यमात रुतवलेलं असतं त्यातून पाणी ओढून घेतं, त्यामुळे निरोगी अंडं दिवसागणिक मोठं आणि जड होत जातं. पाणी मिळालं नाही तर ते बसतं. पण आतला जीव मेला तरीही ते बसतंच. म्हणून आधी बघायचं ते खळगा कितव्या दिवशी पडला.

पहिल्या दोन-चार दिवसांतच अंडी लिबलिबीत, पिवळट आणि सुरकुतलेली असतील तर ती बहुधा फळलेलीच नाहीत. नर जवळ नसतानाही मादी अशी अंडी घालू शकते. आठ-दहा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अंड्याला बाजूनं लावा. फळलेल्या अंड्यात गुलाबी ठिपका आणि लाल रेघांचं जाळं दिसतं, रिकामं अंडं एकसारखं पिवळं दिसतं. टॉर्च लावायला अंडं उचलायची गरज नाही. 

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थोडा खळगा पडला आणि अंड्याचा रंग पांढराशुभ्रच असेल, तर पाणी खरंच कमी आहे. हे सुधारतं. त्याचा उपाय पुढे दिला आहे.

पंचावन्न दिवसांनंतर अंडी एकाएकी बसली, वर घामासारखे थेंब आले, तर अजिबात हात लावू नका. पिल्लं बाहेर यायची वेळ झालीय. माझ्या ओळखीच्या एकानं याच टप्प्यावर अंड्यांवर पाणी शिंपडलं आणि हातातोंडाशी आलेला घास घालवला.

राहिला चौथा प्रकार. ओल बरोबर, अंडी फळलेली, आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ती एकामागून एक बसतात, राखाडी पडतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हेच खरं दुखणं आहे, आणि त्याचं कारण पाणी नसून उष्णता आहे.

मशीन फक्त तापवतं

या अंड्यांना लागतं २८ ते २९ अंश सेल्सिअस. एवढ्यात साधारण ५५ ते ७५ दिवसांत पिल्लं निघतात. आपण घरी बनवतो ते मशीन म्हणजे थर्मोकोलचा खोका, आत बल्ब किंवा हीटिंग पॅड आणि बाहेर थर्मोस्टॅट. खोका २९ च्या खाली गेला की तो हीटर चालू करतो, वर गेला की बंद करतो. बंद करणं म्हणजे गार करणं नव्हे. खोलीच ३६ वर असली तर हीटर दिवसभर बंद राहतो आणि अंडी ३६ वर शिजत राहतात. थर्मोकोल तर ती गरमी रात्री उशिरापर्यंत धरूनही ठेवतो.

मग मला आकडा २९.४ कसा दिसत होता? कारण मी तो सकाळी सहाला बघायचो. स्लॅबचं घर दिवसभर तापतं आणि संध्याकाळी ती ऊब आत सोडतं, हे आपल्याला अंथरुणावर पडल्यावर रोज कळतं, पण अंड्यांच्या बाबतीत डोक्यात आलं नाही. त्या मे महिन्यात शेवटी कमाल-किमान नोंद ठेवणारा दोन-तीनशे रुपयांचा थर्मामीटर अंड्यांशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी कमाल निघालं ३६.८. वेळ रात्री साडेआठच्या आसपासची. रोजचे सात-आठ तास ती अंडी ३४ च्या वर होती.

परभणी, नांदेड, बीड, कुठेही बघा, एप्रिलच्या मध्यापासून पारा ४० च्या पुढेच असतो. त्यात हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला, म्हणून ‘याला उन्हाचं काय कौतुक’ असा आपला समज. उन्हात पाठ शेकत बसतो तो मोठा सरडा. अंडी मात्र मादी जमिनीत खोल पुरते, तिथे ऊन पोचत नाही.

एक गोष्ट आणखी. अंडी वाचली तरी जास्त गरमी आपली खूण ठेवून जाते. या जातीत नर-मादी गुणसूत्रांवर ठरतं. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पण साधारण ३२ अंशांच्या वर उबवलं तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन जन्मतात. २००७ मध्ये हे प्रयोगशाळेत दिसलं आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात रानातल्या सरड्यांतही सापडलं. अशा माद्या अंडीसुद्धा घालतात. तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यातली चार-सहा पिल्लं कशीबशी वाचून सगळ्या माद्याच निघाल्या, तर नशिबाला किंवा नराला बोल लावू नका.

कोंबडीचं मशीन नको

हा मुद्दा वेगळा लिहितोय, कारण माझी पहिली खेप यातच गेली. गल्लीत एकाकडे गावरान कोंबड्यांची अंडी उबवायचं मशीन होतं, त्यात बावीस अंडी ठेवून आलो. ते मशीन ३७.५ वर चालतं. वर ते दर दोन तासांनी अंडी फिरवतं. कोंबडीच्या अंड्याला फिरवणं गरजेचं, सरड्याच्या अंड्याला घातक. घातल्यावर पहिल्या दिवसातच गर्भ कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो, नंतर अंडं उलटलं की संपलं. आठवड्यात बावीसच्या बावीस काळी पडली. म्हणून अंडी खणून काढताना प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीनं ठिपका द्या आणि शेवटपर्यंत तो ठिपका आभाळाकडेच ठेवा.

आजी तेव्हा म्हणाली होती, “कामून रे, सरड्याची अंडी उबवायलास? गावातल्या कोंबड्या मेल्या का सगळ्या?” पुढे उपाय मात्र तिच्याच घरात सापडला.

थर्मोस्टॅटची दोन मिनिटांची परीक्षा

बाजारात मिळणारा स्वस्त थर्मोस्टॅट म्हणजे बहुतेक डब्ल्यू-१२०९ नावाची छोटी पट्टी. तिच्यात एच आणि सी असे दोन मोड असतात. एच तापवण्यासाठी, सी गार करण्यासाठी. नवी पट्टी बऱ्याचदा सी वर सेट असते. तशीच जोडली तर खोका २९ च्या वर गेला की ती हीटर चालू करते! थंडीत हा घोळ लगेच लक्षात येतो, कारण खोका तापतच नाही. उन्हाळ्यात लक्षात येत नाही, आणि आधीच गरम असलेला खोका आणखी तापतो. परीक्षा सोपी आहे. सेन्सरचं टोक मुठीत धरा. आकडा चढत २९ ओलांडेल, त्या क्षणी टक आवाज येऊन दिवा विझला पाहिजे. पेटला, तर मोड उलटा आहे. याच पट्टीत चालू-बंदमधला फरक २ अंश ठेवलेला असतो, तो ०.५ वर आणा.

सेन्सर खरं बोलतो का हेही बघा. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि सेन्सर एकाच पेल्यातल्या कोमट पाण्यात धरा. ताप मोजायचं यंत्र ३२ च्या खाली आकडा दाखवत नाही, म्हणून पाणी ३६-३७ च्या आसपासचं घ्या. माझा सेन्सर १.३ अंश कमी दाखवत होता. आणि सेन्सर टांगायचा तो अंड्यांच्या पातळीवर, डब्याला चिकटवून. खोक्याच्या झाकणाला लोंबकळणारा सेन्सर झाकणाचं तापमान सांगतो.

तापवायला आधी गार जागा

हीटरवाल्या मशीनकडून २८.५ हवे असतील तर ते मशीन २८ पेक्षा गार जागी बसलं पाहिजे. मग उरलेला अर्धा-एक अंश हीटर सांभाळतो. एसी चोवीस तास चालवणं कुणाला परवडत असेल तर प्रश्न मिटला. मला परवडत नाही.

आमच्या गावाकडच्या घराला माळवद आहे, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. बाहेर ४२ असताना मधल्या खोलीत बळदाशेजारी ३१. स्लॅबच्या घरापेक्षा कितीतरी बरं, पण तरी दोन-तीन अंश जास्तच. आजीनं ओलं फडकं गुंडाळून ठेवलेल्या माठातलं पाणी प्यायलो आणि डोक्यात उजेड पडला.

मातीची एक मोठी कुंडी आणि तिच्यात चारही बाजूंनी तीन बोटं जागा राहील अशी लहान कुंडी घेतली. दोन्हींच्या बुडाची भोकं एम-सीलनं बंद केली. मधल्या फटीत धुतलेली वाळू भरून ती पाण्यानं भिजवली. तोंडावर ओलं गोणपाट. हे सगळं ओसरीत, सावलीत, वारा लागेल असं दोन विटांवर. वारा हवाच, बंद खोलीत याचा उपयोग नाही. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा ठक्क, त्यामुळे पाणी झपाट्यानं उडतं आणि जाताना गरमी घेऊन जातं. कूलर इथे चालतो आणि कोकणात चालत नाही, त्यामागेही हेच कारण.

पहिले तीन दिवस अंडी न ठेवता नुसतं मोजलं. ओसरीत ३८ असताना आतल्या कुंडीत २६. पहाटे २४. मग आत तळाशी हीटिंग पॅड, त्यावर लाकडाच्या दोन पट्ट्या, त्यावर अंड्यांचा बंद डबा आणि डब्याच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या दोन बाटल्या. बाटल्यांमुळे तापमान हेलकावे खात नाही. थर्मोस्टॅट २८.५ वर. हीटर दिवसातून बराच वेळ चालू-बंद होताना दिसला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे मशीन आता काम करतंय. वाळूला सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या पाणी लागतं. ओल्या मातीशेजारी २३० व्होल्टची वायर नेऊ नका. पॅड बारा व्होल्टचा घ्या आणि अडॅप्टर लांब, कोरड्या जागी ठेवा.

लाइट गेली तर? इथे बहुतेकांचा जीव उगाच खालीवर होतो. हीटर बंद पडून अंडी चार-सहा तास २४-२५ वर आली तर वाढ थोडी मंदावते, बाकी काही नाही. मरतात ती तापल्यावर. म्हणून इन्व्हर्टरवर पैसे घालण्याआधी गार जागेची सोय करा. कुंडीला लाइट लागतच नाही.

कुंडी केली त्या उन्हाळ्यात एकवीस अंड्यांतून चौदा पिल्लं निघाली. पहिलं त्रेसष्टाव्या दिवशी.

आता पाण्याचं

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी सोडून दिलं. त्यात बुरशी लवकर धरते आणि ओल किती ते कळत नाही. रोपवाटिकेत व्हर्मिक्युलाइट नावाचं, पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज मिळतं. ते आणि पाणी वजनानं जवळपास सारखं घ्या, शंभर ग्रॅमला ऐंशी ते शंभर ग्रॅम. मुठीत दाबल्यावर ढेकूळ व्हावं, पण बोटांतून थेंब गळू नये. अंडी अर्धी रुतवून, एकमेकांना न चिकटवता ठेवा. झाकणाला सुईनं दोन भोकं पुरेत.

ओल टिकते का हे बोट घालून बघण्यापेक्षा वजन करा. अंड्यांसकट बंद डब्याचं पहिल्या दिवशीचं वजन झाकणावर लिहून ठेवा. अंड्यांनी व्हर्मिक्युलाइटमधलं पाणी प्यायलं तरी ते डब्यातच राहतं, एकूण वजन बदलत नाही. वजन घटलं म्हणजे तेवढं पाणी वाफ होऊन बाहेर गेलं. आठवड्याला वजन करा, जितके ग्रॅम कमी तितकं कोमट पाणी ड्रॉपरनं कडेकडेनं सोडा, अंड्यावर नाही. तेवढ्यात डबा मिनिटभर उघडा राहतो, ती हवा पुरते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला साधा खळगा यानं चार-पाच दिवसांत भरून येतो.

बुरशी बहुतेक वेळा मेलेल्या अंड्यावर आधी येते. पण डाग दिसला की फेकायची घाई नको. कापसानं पुसून ते अंडं, ठिपका वर ठेवून, वेगळ्या डब्यात ठेवा. मी टाकायला काढलेल्या दोन अंड्यांतून एक पिल्लू निघालंय.

मुळात अंडी मे महिन्यात का येतात?

कारण आपणच ती आणतो. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो. त्या गारठ्यात सरडे सुस्तावतात, खाणं सोडतात. फेब्रुवारीत ऊन वाढलं की नर गळा काळा करून मान हलवायला लागतो आणि आपण हौसेनं जोडी एकत्र सोडतो. मार्चअखेरीला अंडी, म्हणजे उबवणी नेमकी एप्रिल-मेमध्ये. आता मी नराला जूनच्या मध्यापर्यंत वेगळा ठेवतो, मादीच्या नजरेलाही पडू देत नाही. अंडी जुलैअखेरीला येतात, तेव्हा घरातच २७-२९ असतं आणि साधा थर्मोकोलचा खोकाही गुणानं चालतो. पावसाळी दमट हवेत कुंडी तशीही गार होत नाही. कुंडी ठेवायची ती चुकून उन्हाळ्यात आलेल्या अंड्यांसाठी.

ती चुकून येतातच, कारण मादी नराचं बीज साठवून ठेवते. एकदाच्या मीलनावर ती साधारण महिन्या-महिन्यानं दोन-तीन खेपा, कधी जास्तही अंडी घालते, दरवेळी पंधरा ते तीस. त्यामुळे नराला काढला म्हणजे सुटलो असं होत नाही.

याच ठिकाणी मादीची हेळसांड होते. दीड-दोन वर्षांच्या आतली किंवा साडेतीनशे ग्रॅमपेक्षा हलकी मादी जोडीला देऊ नये, माझं यावर ठाम मत आहे. कवचासाठी लागणारं कॅल्शियम खाण्यातून पुरलं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. किड्यांना कॅल्शियमची पावडर लावूनच द्या. पाल्यात शेवगा, मेथी चांगली. पालक, चुका आणि माठ नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवतं. यूव्हीबी नळी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब, हवी. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी उरत नाही. त्यापेक्षा सकाळी आठचं कोवळं ऊन अंगणात दाखवा, सावलीचा कोपरा ठेवून. सोयाबीन-कापसाच्या रानातले नाकतोडे फुकट मिळतात, पण त्या रानात फवारणी झालेली असते. मोह टाळा.

मादी काच खरवडत येरझाऱ्या घालायला लागली की एक खोल टोपलं द्या. त्यात वाळू आणि लाल माती, निदान दहा-बारा इंच, बीळ ढासळणार नाही इतकी ओली. काळी माती घालू नका, ती अंड्यांना चिकटून बसते आणि सोडवताना अंडं फिरतं. पोट भरलेलं आहे, दोन-तीन दिवस खणून झालं, तरी अंडी येत नाहीत आणि मादी मलूल पडली, तर घरगुती उपाय करत बसू नका. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथे एक्स-रे काढून घ्या. अडकलेली अंडी मादीचा जीव घेतात.

कायद्याचंही एक. घोरपड किंवा वन्यजीव कायद्याच्या यादीत असलेला आपल्याकडचा कोणताही रानातला सरडा घरात आणणं १९७२ च्या त्या कायद्यानं गुन्हा आहे, हौस असो वा नसो. परदेशी प्राण्यांपैकी जे साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत त्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, जन्मलेल्या पिल्लांचीही. घेताना पावती घ्या, तिच्यावर शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स लिहून घ्या आणि आपल्या प्राण्याला काय लागू होतं ते वनविभागाच्या कार्यालयात विचारून ठेवा.

पिल्लू अंड्याला चीर पाडून नाक बाहेर काढतं आणि मग तासन् तास तसंच बसून राहतं. ओढून काढू नका, ते पिवळा बलक शोषून घेत असतं. बाहेर आल्यावरही एक दिवस डब्यातच राहू द्या. मग आकाराप्रमाणे वेगळी करा, नाहीतर मोठी पिल्लं लहानांची शेपटी आणि बोटं कुरतडतात. चौदा पिल्लं दिवसाला किती किडे खातात याचा हिशोब मी आधी केला नव्हता. कुरियरनं मागवलेले किडे मे महिन्यात अर्धे मरूनच येतात. म्हणून आता एका पावसाळ्यात एकच खेप ठेवतो. पुढच्या खेपांची अंडी घातल्या दिवशीच, आत काही वाढायच्या आधी, फ्रीजरमध्ये टाकतो. डब्यावर चिठ्ठी न विसरता. एकदा विसरलो होतो, तेव्हा बायकोनं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.